वरची व्यायामशाळा आणि खालचं वरण

आमच्या भोजनालयाच्या डोक्यावर व्यायामशाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात छताचा चुना खाली यायला लागला. वर कुणी वजन आपटलं की खाली पंखा हलायचा आणि पांढरे कपचे ताटांच्या आसपास पडायचे. एक कपचा तर एका गिऱ्हाइकाच्या ताकात पडला. ते गृहस्थ ताकाकडं बघत शांतपणे म्हणाले, की मालक, मीठ घातलं तेवढं पुरे होतं. सगळी टेबलं हसली. मला हसू आलं नाही. तसाच गल्ल्यावरून उठलो आणि जिना चढलो, भांडायच्या तयारीनं.

लातूरच्या मोंढ्याजवळ, म्हणजे धान्याच्या बाजाराजवळ, आमचं शुद्ध शाकाहारी भोजनालय. आम्ही मूळचे उदगीरचे, लिंगायत. वडिलांनी लातूरला येऊन ते सुरू केलं आणि त्यांच्यामागं मी सगळी उमर त्याच गल्ल्यावर काढली. आमचं गिऱ्हाईक म्हणजे आडते, त्यांचे मुनीम, डाळ मिलवाले, गावाकडून माल घेऊन आलेले शेतकरी आणि हमाल. सगळ्यांची भूक मला तोंडपाठ होती. कोण भात मागणार, कोण ठेचा मागणार, कोण आधी ताक पिणार, हे माणूस दारात दिसला की कळायचं.

वर गेलो तर तिशीतला, रुंद खांद्यांचा एक तरुण मशीन पुसत होता. त्याचं नाव सोहेल. ही व्यायामशाळा त्याचीच. मी तोंड उघडायच्या आत त्यानं खुर्ची पुसून पुढं केली. माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, चाचा, थोडी मोहलत द्या. त्याच आठवड्यात रबराच्या जाड चटया आल्या आणि कपचे पडायचे थांबले. माझं भांडण तोंडातल्या तोंडात राहिलं. त्यानंतर तो स्वतः खाली जेवायला आला.

वाढप्याला त्यानं सांगितलं, चावल नक्को, पोळी एकच, वरण डबल, मटकी डबल, दही डबल. जेवण झाल्यावर गल्ल्याशी येऊन मला विचारलं, की तुमच्या थाळीत प्रोटीन किती पडतंय. आजवर लोकांनी मला मिठाबद्दल विचारलं होतं, तेलाबद्दल विचारलं होतं, एकानं तर पोळ्या लाटणारीची जात विचारली होती. प्रोटीन कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, ते ठाऊक नाही, पण माझ्याकडचा माणूस पोट भरल्याशिवाय उठत नाही.

सोहेल म्हणाला, "चाचा, पेट तो भरता. बदन नहीं भरता."

त्यात कुठं उर्मटपणा नव्हता. डॉक्टर जसं रिपोर्ट वाचून सांगतो, तसं त्यानं सांगितलं. म्हणून ते मनात राहिलं.

आमच्या धंद्यातली गोष्ट बाहेरच्यांना सांगायला हवी. खानावळीची थाळी भात आणि पोळीवर उभी असते. भूक मारायचं काम त्यांचं. भाजी चवीपुरती, तीत बटाटा असला तर उत्तम. वरण असतं भात भिजवायला. म्हणून ते पातळ असतं, आणि दुपारी गर्दी वाढली की आणखी पातळ होतं. हे सगळीकडं असंच चालतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण वरणाची चव फोडणीवर जाते आणि फोडणी पाण्यालाही बसते. पण समजा एक माणूस आला आणि म्हणाला की भात नको, पोळी नको, मला वरणच प्यायचंय, तर सगळं गणित उलटं होतं. त्याच्या वाटीत आमचं पाणी उघडं पडतं.

आणि तसा एकच माणूस आला नाही. सोहेलच्या मागून त्याच्याकडं व्यायाम करणारे यायला लागले. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली, बँकेतले साहेब, एक डॉक्टरीणबाई, कापड दुकानाचे पन्नाशीचे मालक, ज्यांना पोट कमी करायचं होतं. सगळ्यांची मागणी तीच. दुपारी वरण संपायचं आणि भाताची डेग भरलेली राहायची. उशिरा येणारे हमाल वरण मागायचे आणि मी त्यांच्यापुढं भात आणि ताक ठेवायचो.

स्वयंपाकघर कौसल्याबाईंच्या हातात होतं. त्या नांदेड जिल्ह्यातल्या नायगावकडच्या, बौद्ध घरातल्या. नवरा डाळ मिलमध्ये वॉचमन होता म्हणून लातूरला आल्या. आमच्याकडं भांडी घासायला लागल्या आणि हळूहळू चुलीपाशी पोचल्या. नवरा गेल्यावर त्याच हातांनी त्यांनी मुलीला नर्सिंग शिकवलं. बोलणं थोडं, आणि मला कायम मालक म्हणायच्या. वरण संपण्याचं रडगाणं मी त्यांच्यापाशी गायलो, तर त्या म्हणाल्या की रडायचं काय त्यात, डाळ जास्त टाका अन् तांदूळ कमी टाका, खाणाऱ्याला काय पायजे ते तो सांगून ऱ्हायला.

तसं केलं. पण कडधान्याचं जेवण हे भातासारखं नसतं, हे आम्हाला लवकरच कळलं. भात कमी पडला तर अर्ध्या तासात दुसरा लावता येतो. मटकी कमी पडली तर काही करता येत नाही. ती आदल्या दिवशी भिजवावी लागते, मग फडक्यात बांधून मोड आणावे लागतात. थंडीत मोड येत नाहीत, उन्हाळ्यात आले की आंबतात. उद्या किती माणसं येतील हे आजच ठरवावं लागतं. त्यात आणखी एक अडचण, जिच्याबद्दल कुणी उघड बोलत नाही. ज्यांच्या पोटाला सवय नाही त्यांना कडधान्याचा वारा धरतो. कापड दुकानाचे ते मालक चौथ्या दिवशी माझ्याकडं आले आणि हळूच म्हणाले, की दुपारी गिऱ्हाइकासमोर बसता येईना. कौसल्याबाईंनी कडधान्य भिजवल्याचं पाणी टाकून द्यायला सुरुवात केली, हिंग आणि ओवा वाढवला, आणि नवीन माणसाला एकदम दोन वाट्या उसळ वाढायची बंद केली. त्या गृहस्थांचं दुकान पुन्हा सुरळीत चाललं.

येळवस आली तेव्हा आणखी एक गोष्ट घडली. बाहेरच्यांना येळवस माहीत नसते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडची सगळी माणसं शेतात जातात, शहर ओस पडतं, आणि ज्याला शेत नाही त्याला शेतवाला आग्रहानं बोलावतो. उदगीरजवळ माझ्या भावाचं शेत आहे. त्या वर्षी मी सोहेलला आणि कौसल्याबाईंना बोलावलं. त्या दिवशी आमच्याकडं भज्जी करतात. तळलेली भजी ती वेगळी. ही पातेल्यात शिजते: ओल्या तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, ओला हरभरा, शेंगदाणे, मेथी, चिंच आणि वरून हरभऱ्याच्या डाळीचं पीठ लावून घट्ट केलेली. सोबत भाकरी आणि आंबील.

सोहेल बोरीच्या झाडाखाली मांडी घालून बसला आणि भज्जी खात राहिला. माझी वहिनी वाढून दमली. शेवटी त्यानं वाटी खाली ठेवली आणि मला विचारलं, की हे तुम्ही वर्षातून एकदाच करता? मी म्हणालो, हाव, सणाचं आहे. त्यानं वाटी पुन्हा उचलून वहिनीपुढं धरली. बाजूला कौसल्याबाई वहिनीला विचारत होत्या, की पीठ आधी भाजून घेता की कच्चंच लावता.

महिनाभरात आमच्या फळ्यावर भज्जी आली. ओले दाणे नसतात तेव्हा भिजवलेले. काही जुनी माणसं कुरकुरली. त्यात आप्पा होते. आप्पा म्हणजे मोंढ्यातले मोठे आडते, तूर आणि सोयाबीनचा व्यापार, आमच्याच समाजाचे, माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचं गिऱ्हाईक. रोज त्याच कोपऱ्यातल्या टेबलावर, भिंतीकडं पाठ करून बसायचे. येळवशीचं जेवण रोज खायला घालून तू सण बाटवलास, असं ते मला म्हणाले. मग दोन वाट्या खाल्ल्या.

इथवर सगळं चांगलं चाललं होतं, आणि चांगलं चाललं की माझ्यासारख्याच्या अंगात येतं. मी दारावर फ्लेक्स लावला, 'स्पेशल प्रोटीन थाळी'. छापणाऱ्यानं 'प्रोटेन' छापलं. तसाच लावला. किल्लारीकडचा एक शेतकरी तो वाचून आत आला आणि त्यानं विचारलं, की हे प्रोटेन तिखट असतंय का. मी त्याला समजावलं, की ते डाळीत असतं, दह्यात असतं, सोयाबीनमध्ये तर फार असतं. तो हसायला लागला. म्हणाला, "आमी उभं आयुष्य सोयाबीन पिकवलं मालक. तोंडात कवा घातलं न्हाई."

त्याचं ते वाक्य मला लागलं. आमच्या चहूकडं सोयाबीन. मोंढ्यात पावसाळा सरला की पोत्यांच्या थप्प्या लागतात, आणि ते सगळं तेलाच्या गिरणीला जातं. ताटात कुणाच्याच नाही. मी ठरवलं, आपण करायचं. दुकानातून सोयावडी आणली. पहिल्या दिवशीची भाजी कुणी खाल्ली नाही, तिला एक वास येत होता. कौसल्याबाईंनी ती मिठाच्या गरम पाण्यात उकळून, घट्ट पिळून, बारीक करून, कांदा आणि काळ्या मसाल्यात परतली. वास गेला. चव अशी आली की मी स्वतः दोनदा घेतली. फक्त तिच्या दिसण्याचा विचार आमच्यापैकी कुणी केला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, भर गर्दीत, वाढप्यानं ती आप्पांच्या ताटात वाढली.

आप्पांनी घास उचलला, तोंडाजवळ नेला आणि थांबले. घास परत ताटात ठेवला. हात न धुता उठले. मी गल्ल्यावरून धावलो. सगळी टेबलं थांबली होती. आप्पांचा चेहरा रागापेक्षा घाबरल्यासारखा दिसत होता. त्यांचा हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला होता.

"तुझ्या बापाच्या गादीवर बसून हे वाढतोस?" एवढंच म्हणाले आणि बाहेर पडले.

मी मागं गेलो, सोयाबीन आहे म्हणून सांगितलं, शपथ घातली. त्यांनी मागं वळून बघितलं नाही. त्यांच्यासोबत आणखी काही जण ताट सोडून उठले. संध्याकाळपर्यंत मोंढ्यात गोष्ट पसरली होती, आणि पसरताना तिला शेपूट फुटलं होतं. वर मुसलमानाची व्यायामशाळा आहे, खाली आता खिमा शिजतो. शुद्ध शाकाहारी हे नुसतं पाटीवर. एकानं तर स्वतः हाड बघितलं होतं म्हणे.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. आडते यायचे बंद झाले, आडते आले नाहीत म्हणून मुनीम आले नाहीत. दुपारी निम्मी टेबलं रिकामी राहायची. मी प्रत्येकाला समजावायला जायचो, आणि जितकं समजावावं तितकं खोटं वाटायला लागायचं. घरी बायको म्हणाली, की थोडं थांबा, लोक विसरतात. पण भोजनालयावरचा विश्वास ही अशी वस्तू आहे की ती तुटली तर जेवणारा दुसरीकडं जेवतो आणि तुम्हाला कळतसुद्धा नाही.

सोहेल एका सकाळी खाली आला. बसला नाही. म्हणाला, चाचा, माझ्या लोकांना मी सांगतो, काही दिवस दुसरीकडं जेवा. माझ्यामुळं तुमचं नाव खराब होऊ नये. त्याच्या आवाजात असं काही होतं की मला त्याच्याकडं बघवेना. मी त्याला बसवलं. सांगितलं, की तुझी माणसं आली नाहीत तर मी लोकांना हेच सांगितल्यासारखं होईल की ते खरं बोलत होते. तू आजही इथंच जेवायचंस, दारासमोरच्या टेबलावर. तो जेवला. हे मी त्याच्यावर उपकार केल्यासारखं सांगत नाही. त्या दिवसांत रोज दुपारी कुणीतरी नेमानं जेवायला येत होतं, याचा आधार मला होता.

त्याच आठवड्यात कौसल्याबाईंनी दुपारची सुट्टी मागितली. कारण सांगितलं नाही. त्या कुठं गेल्या हे मला आप्पांच्या मुनिमाकडून कळलं.

त्या आप्पांच्या आडतीवर गेल्या होत्या. हातात कागदाची पुडी. आप्पा गादीवर बसले होते, समोर सोयाबीनचा ढीग, भाव चालला होता. कौसल्याबाईंनी पुडी उघडून कोरड्या वड्या त्यांच्यासमोर ठेवल्या.

"आप्पा, हे तुमच्याच पोत्यातलं हाय," त्या म्हणाल्या. "गिरणीनं तेल काढून घेतलं, उरलं ते हे. मी नुसतं भिजवलं अन् परतलं. बगा हातात घेऊन."

मुनीम सांगतो, की ढिगाभोवतीची माणसं भाव सोडून पुढं सरकली. आप्पांनी एक वडी उचलली, बोटांनी मोडली, नाकाला लावली. व्यापारी माणूस, माल हातात आला की पारखल्याशिवाय राहायचा नाही. तुकडा तोंडात टाकला, चावला.

"ह्याला कायच चव न्हाई की," ते म्हणाले.

"चव आमी घालतो," कौसल्याबाई म्हणाल्या आणि परत आल्या.

आप्पा लगेच आले नाहीत. पण ढिगाभोवतीच्या माणसांनी पाहिलं होतं, आणि मोंढ्यात चांगली गोष्टसुद्धा पसरते, जरा हळू. मुनीम यायला लागले. आल्यावर कुणी सहज म्हणून स्वयंपाकघरात डोकावायचं. मी सगळ्यांना आत जाऊ द्यायचो. सोयावडीची भाजी आम्ही बंद केली नाही, पण बारीक करणं सोडलं. वडी अख्खी दिसेल अशी ठेवली, आणि वाढण्याआधी विचारायचं हा नियम केला. फ्लेक्स मी स्वतः उतरवला. फळ्यावर नुसतं लिहिलं, आज काय शिजलं आहे ते.

काही जण मात्र परत आलेच नाहीत. त्यातले एक मुनीम माझे शाळेपासूनचे मित्र होते. पुढं ते वारले. त्यांना घरी जाऊन भेटायला हवं होतं, ते राहून गेलं.

त्या पावसाळ्यात आप्पा न्हाणीघरात घसरले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आम्ही हॉस्पिटलात जाऊन आलो, बोलणं बेताचंच झालं. घरी आणल्यावर त्यांची सून एक दिवस भोजनालयात आली. ती कधी आमच्याकडं आलेली नव्हती. दाराशीच उभी राहिली. म्हणाली, की मामंजी काही खात नाहीत. डॉक्टर म्हणतात, हाड भरायचं, अंगात ताकद यायची तर प्रोटीन हवं, रोज अंडी द्या. अंड्याचं नाव काढलं तर ताट ढकलून देतात. दुकानातली पावडर दुधात घालून दिली तर ओकून टाकली. घरात सगळं करून बघितलं. तुमच्याकडं त्या जिमवाल्यांसाठी काहीतरी करतात, असं ऐकलं.

कौसल्याबाई आतून ऐकत होत्या. पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि सुनेला बारीकसारीक विचारत बसल्या. दात किती आहेत, साखर आहे का, किडनीचं काही आहे का, डॉक्टरांनी कशाला नाही म्हटलंय का. सुनेनं डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, डाळी, दूध, दही जेवढं जाईल तेवढं जाऊ द्या.

तेव्हापासून रोज दोन वेळा आमच्याकडून डबा जायला लागला. मुगाची डाळ इतकी घट्ट की चमचा उभा राहावा, वरून तूप. हुलग्याच्या पिठाचं पातळ, पिण्यासारखं माडगं. बांधून ठेवलेल्या दह्याचा चक्का, त्यात भाजलेलं जिरं. घरी फाडलेल्या दुधाचं पनीर, कुस्करून ज्वारीच्या कण्यांत. एकदम थोडं थोडं. आजारी माणसाला मोठी वाटी दाखवली की त्याचं पोट आधीच भरतं, असं कौसल्याबाईंचं म्हणणं. डबे परत येताना त्या स्वतः उघडून बघायच्या, काय उरलं ते. जे उरायचं ते पुन्हा जायचं नाही.

सुरुवातीला आप्पांना सांगितलं नव्हतं, डबा कुठून येतो ते. मला ते बरं वाटत नव्हतं. मी सुनेला म्हणालो, की लपवू नका, काही न लपवताही मी एकदा भोगलंय. तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी डबा परत घेऊन ती आली तेव्हा मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. कौसल्याबाई ओट्याकडं तोंड करून उभ्या होत्या.

सून म्हणाली, "विचारलं, कौसल्या करते का. मी हाव म्हणाले. मग म्हणाले, तिला सांग, मीठ जरा कमी टाक."

कौसल्याबाईंनी मान हलवली आणि कामाला लागल्या. त्या दिवशी दुपारी त्या स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत होत्या, हे वाढप्यानं मला येऊन सांगितलं.

सोहेललाही मी सांगितलं होतं. हॉस्पिटलच्या माणसानं आप्पांना व्यायाम दाखवला होता, पण ते करत नव्हते, दुखतं म्हणायचे. सोहेल संध्याकाळी त्यांच्या घरी जायला लागला. पहिल्यांदा आप्पांनी त्याला बसा म्हटलं नाही. तो उभाच राहिला आणि त्यानं विचारलं, की आप्पा, मोंढ्यात तुमच्या गादीवर सध्या कोण बसतंय. आप्पा म्हणाले, मुलगा. सोहेलनं विचारलं, भाव नीट लावतो का. त्यावर आप्पांनी वॉकर मागवला. हे मला सोहेलनं सांगितलं तेव्हा आम्ही दोघं कितीतरी वेळ हसत होतो.

हाड आमच्या डाळीनं भरलं, असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी बसवलं, आप्पांच्या शरीरानं भरलं. पण एक माणूस खात नव्हता आणि खायला लागला, तेवढं आमच्या चुलीनं केलं. आप्पा काठी टेकत भोजनालयात आले तेव्हा दुपारची गर्दी होती. बसायला टेबल नव्हतं. दारासमोरच्या टेबलावर सोहेल एकटा जेवत होता. आप्पा त्याच्यासमोर जाऊन बसले. सगळ्या मोंढ्याला दिसत होतं. मी गल्ल्यावर खाली मान घालून सुट्टे पैसे लावत बसलो, कारण डोळ्यांत पाणी आलेलं लोकांनी बघावं असं मला वाटत नव्हतं.

अंड्यांची मागणी मात्र कधीच थांबली नाही. वरून उतरणारा प्रत्येक दुसरा माणूस विचारायचा, चाचा, उकडलेली अंडी ठेवत नाही का. मी नाही म्हणायचो. माझ्या घरात अंडं कधी आलं नाही, वडिलांची पाटी आहे, तेवढं मी पाळलं. मागणाऱ्याचं चूक आहे असं मला कधी वाटलं नाही. हॉटेलवाल्यानं सगळ्यांचं सगळं करायचं ठरवलं तर त्याचं काहीच धड होत नाही. जे आपल्याला येतं ते घट्ट करावं, आणि जे आपल्याकडं मिळत नाही ते कुठं चांगलं मिळतं ते सांगावं.

कौसल्याबाईंच्या मुलीची नोकरी नांदेडला लागली. नातवंडं झाली. एक दिवस त्या मला म्हणाल्या, की मालक, मी नांदेडला जाते, तिथं सोहेलभाऊ दुसरी व्यायामशाळा काढून राहिलेत, खाली गाळा आहे, तो मी घेते. मी विचारलं, काय ठेवणार. त्या म्हणाल्या, इथलं समदं ठेवणार, अन् अंडीबी ठेवणार. हे सांगताना त्यांनी माझ्याकडं सरळ बघितलं. मी म्हणालो, ठेवा, लोकांना पाहिजे आहेत. त्या गेल्यावर काही महिन्यांत मीही भोजनालय पुतण्याच्या हातात दिलं. गुडघे बोलायला लागले होते. भज्जी तो चांगली करतो.

नांदेडच्या गाळ्याचं उद्घाटन होतं त्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं गेलो. आप्पांना प्रवास झेपण्यासारखा नव्हता. त्यांनी तूरडाळीचं एक पोतं ट्रान्सपोर्टनं आधीच पाठवलं होतं. ते दारात हळदकुंकू लावून ठेवलेलं दिसलं. जागा छोटी, पण उजेड भरपूर. आत दोन चुली निराळ्या, दोन्हीकडची भांडी निराळी, झारे-पळ्या निराळ्या. एका बाजूला अंडी उकडत होती. मी दारात थांबलो. ज्या ठिकाणी अंडं शिजतं तिथं मी आजवर पाणी प्यालो नव्हतो. आणि दुसरी गोष्टही तितकीच खरी होती. इतकी वर्षं ज्या बाईच्या हातचं मी लोकांना विकलं, तिच्या घरी बसून मी कधी जेवलो नव्हतो. तिनं बोलावलं नव्हतं आणि मी गेलो नव्हतो.

कौसल्याबाईंची मुलगी धावत आली. म्हणाली, तुमच्यासाठी चहा बाहेरून मागवते. मी म्हणालो, चहा नको, भूक लागली आहे. बाकावर व्यायामशाळेची दोन पोरं बसली होती, त्यांच्या शेजारी बसलो. कौसल्याबाईंनी आतून बघितलं. ताट वाढलं: भाकरी, घट्ट वरण, भज्जी, चक्का, ठेचा. पूर्वी रोज सकाळी त्या चमचाभर भाजी माझ्या हातावर ठेवायच्या आणि मी सांगायचो, मीठ हवं, तिखट कमी करा. आज त्यांनी विचारलं नाही, आणि मला सांगण्यासारखं काही सापडलं नाही. दुसरी भाकरी मागून घेतली.

जेवण झाल्यावर मी बसूनच राहिलो, जन्माची सवय, ताट कुणीतरी उचलेल म्हणून. कौसल्याबाई गल्ल्यावरून बघत होत्या.

"अण्णा," त्या म्हणाल्या. हे नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. "ताट तिकडं टबात ठिवायचं. इथं समदे आपापलं ठिवतेत."

पोरांनी सरकून वाट दिली. मी ताट उचललं आणि टबाकडं गेलो.